‘बाबांच्या मनात काही नसतं गं!’

प्रिय ताई,

मी ३७ वर्षांची आहे, कर्वेनगरला राहते, आयटी कंपनीत नोकरी करते. वडील सैन्यात असल्यामुळे माझं लहानपण बदल्यांमध्ये गेलं. तिसरी ते आठवी शिलाँग आणि तेजपूरच्या केंद्रीय विद्यालयांत झाली. शिलाँगच्या बाजारात आम्हाला ‘दखार’ म्हणायचे, म्हणजे बाहेरून आलेले. नवरा शनिवार पेठेतल्या वाड्यात वाढला. शाळा, कॉलेज, क्लास, सगळं सायकलच्या अंतरावर. सासरे बँकेतून निवृत्त झालेत, ७४ वर्षांचे आहेत, स्वभावानं गप्पिष्ट.

या गणपतीत मी ऑफिसातल्या मैत्रिणीला घरी जेवायला बोलावलं. ती इंफाळची. माझ्याच टीममध्ये, माझ्याच हुद्द्यावर. आरती झाली, पानं वाढली आणि बाबांनी तिला विचारलं, ‘आपके उधर कुत्ता खाते हैं ना?’ ती हसून ‘नहीं अंकल, हमारे घर में नहीं’ म्हणाली. थोड्या वेळानं बाबा म्हणाले, ‘हमारे सोसायटी का गुरखा एकदम आप के जैसा दिखता है, भाई शोभेगा आपका!’ सगळे हसले. तीही हसली. सासूबाई तर तिचं कौतुकच करत होत्या. ‘रंग काय सुरेख आहे गं तुझा, आमच्या नातीला थोडा दिला असतास तर!’ मैत्रीण पानातला दुसरा मोदक तसाच ठेवून उठली. सकाळी लवकर मीटिंग आहे म्हणाली. मला ठाऊक आहे, नव्हती.

रात्री नवऱ्याशी कडाक्याचं भांडण झालं. त्याचं म्हणणं, ‘बाबांच्या मनात काही नसतं गं. ते सगळ्यांनाच असं बोलतात. कोल्हापूरच्या जावयाला मटणावरून छेडत नाहीत का? त्या पिढीला हे कळत नाही. आणि ती स्वतः हसली की! तू बाहेर वाढलीस म्हणून तुला जिथेतिथे भेदभाव दिसतो. आमच्या घरात असले संस्कार नाहीत.’ मी त्याला सांगून थकले, की ती किती स्वच्छ, शिकलेली, चांगल्या घरची मुलगी आहे.

दोन दिवसांनी माझी सात वर्षांची लेक आरशासमोर उभी राहून बोटांनी डोळे ताणत होती. मला म्हणाली, ‘आई, मी त्या मावशीसारखी दिसते का?’ माझा तोल गेला. मी तिला चापट मारली.

गंमत म्हणजे बाबांची पहिली नोकरी मुंबईत होती आणि तिथला हेडक्लार्क त्यांना ‘ए घाटी’ म्हणून हाक मारायचा. हे ते आजही सांगतात आणि सांगताना त्यांचा आवाज चढतो.

हे सगळं ज्याच्या त्याच्या वाढण्यावर असतं का? मग माणसं बदलणारच नाहीत का? मैत्रिणीला काय सांगू? ऑफिसात ती अगदी नेहमीसारखी वागते, त्यानं मला जास्तच अवघडल्यासारखं होतं. पुढच्या वर्षी तिला बोलवावं की नाही?

– अस्वस्थ, कर्वेनगर

प्रिय अस्वस्थ,

तुमच्या नवऱ्याचं एक वाक्य मी आधीच मान्य करून टाकते. बाबांच्या मनात खरंच काही नसावं. गप्पिष्ट माणसं पाहुण्याला बोलतं करायला तोंडाला येईल ते विचारतात, आणि तोंडाला तेच येतं जे वर्षानुवर्षं कानावर पडलेलं असतं. पण त्या दिवशी पानावर बसलेल्या मुलीला बाबांचं मन दिसत नव्हतं. तिला प्रश्न ऐकू आला. ‘तीही हसली’ हा नवऱ्याचा पुरावा तर अगदीच लंगडा. परक्या घरी, समोर वाढलेलं पान, शेजारी मैत्रीण, समोर वयस्कर यजमान. अशा वेळी माणूस हसतो, नाहीतर रडतो. हसणं सोयीचं.

आता तुमचा मोठा प्रश्न. हो, बरंचसं वाढण्यावर असतं आणि ते फार लवकर सुरू होतं. २००६ मध्ये इस्रायलमधल्या मानसशास्त्रज्ञांनी तीन महिन्यांच्या बाळांना चेहऱ्यांची चित्रं दाखवली होती. गोऱ्या घरांत, गोऱ्यांमध्येच वाढणारी बाळं गोऱ्या चेहऱ्यांकडे जास्त वेळ बघत राहिली, इथिओपियातली बाळं काळ्या चेहऱ्यांकडे. पण इस्रायलमध्ये स्थलांतरितांच्या वसतीत वाढणाऱ्या, रोज दोन्ही तऱ्हेचे चेहरे बघणाऱ्या इथिओपियन वंशाच्या बाळांना असा काही कल नव्हता. तीन महिन्यांच्या जिवाला कुणी संस्कार केलेले नसतात, शिव्या शिकवलेल्या नसतात. पाळण्यावर कोण वाकून बघतं, एवढ्यावर नजर बसते.

तुमच्या नवऱ्याच्या पाळण्यावर शनिवार पेठ वाकून बघत होती. यात त्याचा गुन्हा नाही. मला खटकतं ते पुढचं. ‘आमच्या घरात असले संस्कार नाहीत’ असं तो म्हणतो, तेव्हा त्याला म्हणायचं असतं की आमच्या घरात कुणी कुणाला हाकलून दिलं नाही, शिवी घातली नाही. खरंच नसेल दिलं. हाकलून देण्याजोगं कुणी दारात आलंच नव्हतं, तर प्रसंग कुठून यायचा? ज्याला आयुष्यात कधी ‘तुम्ही मूळचे कुठले?’ याचं उत्तर दिल्यावरही ‘नाही, पण मूळचे?’ असं पुन्हा विचारलं गेलं नाही, त्याला तो प्रश्न कसा लागतो हे कळायला दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. तुमचा नवरा नेमका तोच ठेवत नाही. तुमची रात्रीची लढाई त्याच्या बालपणाशी नव्हती, या अविश्वासाशी होती. पुन्हा भांडाल तेव्हा एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे शनिवार पेठेचा उद्धार न करता भांडता येईल.

कोल्हापूरच्या जावयाची तुलना मात्र सोडू नका, कारण ती वरवर बिनतोड वाटते. जावई बाबांना उलट ‘तुमच्या आमटीत साखर किती ते आधी बघा’ म्हणू शकतो, म्हणतही असेल. जेवण झालं की त्याला सुपारी मिळते, धोंड्याच्या महिन्यात वाण मिळतं, आणि घरी जाताना वाटेत त्याला दुसरं कुणी मटणावरून बोलत नाही. कोल्हापूरचा म्हणून त्याला पुण्यात कुणी भाड्यानं जागा नाकारलेली नाही. तुमच्या मैत्रिणीला तोच प्रश्न बाबांच्या आधी रिक्षावाल्यानं विचारलेला असतो, एजंटनं विचारलेला असतो, सोसायटीच्या सेक्रेटरीनं ‘वास येतो म्हणून लोक तक्रार करतात’ असं आडून सुनावलेलं असतं. आणि त्याच्या मागे आणखी बरंच उभं असतं. ऑगस्ट २०१२ मध्ये, आसाममधल्या हिंसाचारानंतर, पुण्यात ईशान्येकडच्या मुलांना मारहाणीचे प्रकार झाले. मारणाऱ्यांनी कोण कुठल्या राज्याचा हे विचारलं नाही, चेहरे बघितले. मग मोबाइलवर अफवांचं पीक आलं आणि बंगळूरहून, पुण्याहून हजारो पोरंपोरी मिळेल त्या गाडीनं गुवाहाटीकडे निघाली. सरकारला घाऊक एसएमएस काही दिवस बंद करावे लागले. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगर बाजारात अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याच्या केसांवरून, दिसण्यावरून एका दुकानात शेरेबाजी झाली, तो चिडला, मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. त्यानंतर केंद्रानं बेझबरुआ समिती नेमली, समितीनं त्याच वर्षी अहवाल दिला, कायद्यात बदल सुचवले. मार्च २०२० मध्ये पुन्हा ‘करोना, करोना’ अशा हाका सुरू झाल्या, तेव्हा गृह मंत्रालयाला राज्यांना पत्र धाडून सांगावं लागलं की हे थांबवा. सुरुवात दर वेळी थट्टेनंच होते असं मी म्हणत नाही. पण ज्या मुलीनं हे बघत वय काढलंय तिच्या कानाला थट्टा निव्वळ थट्टा म्हणून ऐकूच येत नाही.

‘त्या पिढीला हे कळत नाही.’ याला माझ्याकडे पुणेरी उत्तर आहे. तुमच्या नवऱ्याच्या वाड्यापासून सायकलनं फार तर दहा मिनिटांवर, गंज पेठेत, जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी काळ्यांना गुलामीतून सोडवण्यासाठी स्वार्थ सोडून झीज सोसली. अमेरिका त्यांनी छापील कागदातूनच पाहिलेली होती, तरी तिथल्या मळ्यांतलं दुःख त्यांना आपल्या आळीतल्या दुःखाशी जुळवता आलं. एवढं लांब कशाला, बाबांच्या उमेदीच्या काळात, १९७१ साली, पुण्यात सिंबायोसिस सुरू झालं ते कशातून? फर्ग्युसनमध्ये शिकवणारे आणि वसतिगृहाचे रेक्टर असलेले शां. ब. मुजुमदार यांना एक मुलगी वसतिगृहाच्या खिडकीतून आत काहीतरी देताना दिसली. चौकशी केली तेव्हा कळलं की आतला मुलगा मॉरिशसचा, कावीळ होऊन पडलेला, आणि ती त्याला जेवण आणून देत होती. परदेशी मुलं या शहरात किती एकटी असतात हे तिथे त्यांच्या ध्यानात आलं. रेक्टरच्या नजरेला मुलगी आणि मुलांच्या वसतिगृहाची खिडकी एवढंच दिसलं असतं तरी कुणी नावं ठेवली नसती. त्यांनी चौकशी केली. तेव्हा पिढीला दोष देऊन सुटका नाही. एकाच पिढीत, एकाच गावात माणसं दोन्ही तऱ्हेनं वागलेली आहेत.

आता बाबा. खरं सांगू? तुमच्या पत्रातला सगळ्यात रोचक माणूस तेच आहेत. तुम्हाला शिलाँगच्या बाजारात ‘दखार’ म्हटलं गेलं, बाबांना मुंबईच्या ऑफिसात ‘घाटी’. काटा दोघांनाही बोचला. तुम्हाला त्यातून पाहुणीच्या हसण्यातला कोरडेपणा दिसतो, बाबांना दिसत नाही. असं का व्हावं, यावर मी बराच विचार केला.

मला वाटतं, तुम्ही तो काटा एकटीनं सोसला नाहीत. वर्गात तुमच्यासारखी बदलीची दहा मुलं असणार, आणि ज्यांच्या गावात तुम्ही बाहेरच्या होतात त्यांचीही मुलं त्याच बाकावर बसत असणार. ‘दखार’ म्हणणाऱ्याच्याच घरी जाऊन तुम्ही चहा प्यायलात, असंही घडलं असेल. बाबा मुंबईत एकटे होते. कुठल्यातरी खोलीत चौघांत एक, पगारातून घरी मनीऑर्डर, वर हेडक्लार्कची हाक. नोकरी सोडणं शक्य नव्हतं, उलट बोलणं त्याहून नाही. अशा वेळी माणूस स्वतःची समजूत घालतो की मी सहन केलं, म्हणून मी टिकलो. पुढे बढती होते, पुण्यात बदली मिळते, घर होतं, पंक्तीत पहिलं पान मिळू लागतं, आणि सहन करणं हाच मोठेपणा ठरतो. मग समोरच्यानं टोमणा हसून घेतला की त्यांना वाटतं, पोरगी गुणाची आहे. शक्यता आहे की बाबांना तुमची मैत्रीण मनापासून आवडली असेल.

आणि त्यांनी मुळात पाहिलेलं काय? रोज त्या तोंडवळ्याची माणसं त्यांना दिसतात, नाही असं नाही. फाटकावर सलाम करणारा, मोमोच्या गाडीवरचा, सलूनमधला. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्येच बजावून ठेवलंय की नुसत्या गाठीभेटींनी पूर्वग्रह जात नाहीत. भेट बरोबरीच्या नात्यानं झाली, काही काम मिळून करायचं असलं, वरच्यांचा त्याला पाठिंबा असला, तर जातात. फाटक उघडणाऱ्याशी वीस वर्षं रोज भेट होऊनही ती भेट होत नाही, ती याच्यामुळे. तुम्ही मैत्रिणीला पंक्तीला बसवलंत तेव्हा बाबांना बहुधा पहिल्यांदाच त्या चेहऱ्याचं माणूस आपल्या ताटाला ताट लावून बसलेलं दिसलं. त्यांनी तिला ओळखीच्या एकमेव खणात टाकलं.

इथे जरा तुम्हालाही टोचते, रागावू नका. गुरख्याचा भाऊ शोभेल हे वाक्य तुम्हाला एवढं का झोंबलं? चेहऱ्यावरून माणसं एका माळेत ओवली म्हणून, की माळ गुरख्याची होती म्हणून? तिला एखाद्या फुटबॉलपटूची बहीण म्हटलं असतं तर एवढाच राग आला असता का? त्या गुरख्याला नाव आहे, आणि तुमच्या पत्रातही ते नाही. नवऱ्यासमोर तुम्ही बाजू मांडलीत तीही अशीच: स्वच्छ, शिकलेली, चांगल्या घरची. म्हणजे जी तशी नसेल तिला विचारायला हरकत नाही? बाबांशी बोलताना हा मोह फार होईल. इंफाळच्या जुन्या मैतेई वैष्णव घरांत चुलीवर मांस शिजत नाही, मासे काय ते चालतात, हे कुठेतरी वाचून तुम्ही विजयी मुद्रेनं बाबांना सांगायला जाल. नका जाऊ. त्यातून बाबा एवढंच शिकतील की ही ‘आपल्यातली’ निघाली. उद्या नागालँडची मुलगी आली, जिच्या घरी सगळं शिजतं, की पुन्हा पहिले पाढे. प्रश्न ताटातल्या पदार्थाचा नव्हताच. घरी बोलावलेल्या माणसाला जेवता जेवता उलटतपासणीला उभं केलं, हा होता.

बाबांशी बोला, पण सगळ्यांसमोर नको आणि तावातावानं नको. दुपारच्या चहाला दोघंच असाल तेव्हा मुंबईची गोष्ट त्यांच्याकडून पूर्ण ऐकून घ्या. हेडक्लार्क कसा दिसायचा, हाक मारल्यावर बाकीचे काय करायचे, बाबा त्या वेळी कुठे बघायचे. ‘बाकीचे हसायचे का? तुम्ही पण हसायचात का?’ एवढं जरूर विचारा. मग सांगा, की गणपतीत आलेली माझी मैत्रीण मोदक टाकून उठली, आणि तिनं मला कारण खोटं सांगितलं. दोन गोष्टींची गाठ तुम्ही मारू नका. बहुधा ते ‘छे, ते वेगळं होतं’ म्हणतील. म्हणू द्या, चहाचे कप उचला आणि आत जा. ७४ वर्षांचा माणूस सुनेसमोर ‘चुकलो’ म्हणत नाही, पण पुढच्या पंक्तीला गप्प राहू शकतो. तेवढं पुष्कळ झालं.

आणि पंक्तीत पुन्हा असं काही निघालं तर थांबवायचं काम तुमचं नाही, मुलाचं आहे. सून बोलली की तो सासरा-सुनेचा विषय होतो, मूळ गोष्ट बाजूला राहते, आणि आठवडाभर सगळे भांड्यांचे आवाज ऐकत बसतात. नवऱ्याला सगळं पटायची वाट बघू नका. त्याच्याकडून फक्त एवढं कबूल करून घ्या, की ‘बाबा, त्यांना जेवू द्या की’ हे वाक्य तो बोलेल. हसत बोलला तरी चालेल. पटणं मागाहून येतं, कधी कधी येतही नाही, पण पाहुणीचं जेवण तरी नीट होतं.

आता ज्यासाठी मला हे पत्र लांबवावं लागलं त्याकडे येते. सासूबाई ‘तर कौतुकच करत होत्या’ असं लिहून तुम्ही पुढे निघून गेलात. मी त्या ओळीवर थांबले. ‘आमच्या नातीला थोडा दिला असतास तर.’ नात तिथेच बसली होती ना? पाहुणीसमोर, सगळ्या घरासमोर तिला सांगण्यात आलं की तुझ्या रंगात काहीतरी उणं आहे आणि ते या मावशीकडे आहे. दोन दिवसांनी ती आरशापुढे उभी राहून विचारते, ‘मी त्या मावशीसारखी दिसते का?’ तुम्हाला ती नक्कल वाटली, चिडवणं वाटलं. असेलही, शाळेत मुलं असं डोळे ताणून चिडवतात, ती तिथूनही शिकली असेल. पण मला वाटतं तिनं जे विचारलं त्याचा सरळ अर्थच खरा असावा. आजीला आवडलेल्या माणसासारखं आपण दिसतो का, हे ती बघत होती. रंग काही बोटांनी ताणता येत नाही, डोळे येतात. आणि तेवढ्यात तिला चापट बसली.

बाबांचं बोलणं तुम्हाला लगेच कळलं, कारण तुमचं लहानपण तिकडे गेलं. सासूबाईंचं कळलं नाही, कारण ते तुमच्याही लहानपणी घरोघरी होतं. आपल्याकडे रंगाचं बोलणं बोलणं म्हणून धरतच नाहीत. बाळ बघायला आलेल्या बायका आधी कानाची पाळी बघतात, रंग उघडणार का ते. गरोदरपणी केशराचं दूध देतात ते काही चवीसाठी नाही. ‘सावळी आहे पण तरतरीत आहे’ यातल्या ‘पण’वर लग्नं मोडलेली आहेत आणि ठरलेलीही आहेत. फेअर अँड लव्हली १९७५ मध्ये बाजारात आली, तिच्या नावातलं ‘फेअर’ जायला २०२० उजाडलं, तेही अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या पोलिसाकडून झालेल्या खुनानंतर जगभर गदारोळ झाला तेव्हा. मलम आजही खपतं, नाव ग्लो अँड लव्हली. तुमच्या घरात त्या संध्याकाळी एकाच पंक्तीत चेहऱ्यावरून एकीला खाली बसवलं आणि रंगावरून तिलाच वर चढवून दुसरीला खाली ढकललं. ती दुसरी सात वर्षांची आहे.

तेव्हा सगळ्यात आधी लेकीकडे जा. चापटीबद्दल सरळ माफी मागा, ‘पण तू असं करायला नको होतंस’ हे शेपूट न लावता. मग तिलाच विचारा, मावशीसारखं का दिसावंसं वाटलं? ती काही सांगेल, काही सांगणार नाही. तिला साध्या शब्दांत सांगा की मावशीच्या गावाकडे बहुतेकांच्या पापण्यांची घडी तशी असते, म्हणून डोळे तसे दिसतात, आणि तुझे डोळे, तुझा रंग ज्याच्यावर गेला असेल त्याच्यावर गेलाय. हेही सांगा की डोळे असे ताणून दाखवले की त्या मावशीला वाईट वाटतं, कारण लोक तिला तसं करून चिडवतात. मुलांना हे कळतं. तुम्ही गप्प बसलात तर मात्र ती एवढंच शिकेल की या विषयाचं नाव काढलं की मार बसतो. आणि सासूबाईंना मऊ पण स्पष्ट सांगा, की नातीच्या रंगाबद्दल चांगलं नको, वाईट नको, काहीच नको. हे तुम्ही सांगू शकता. इथे तुम्ही सून म्हणून बोलत नाही आहात, आई म्हणून बोलताय.

मैत्रीण. तिच्याशी बोलायला आणखी उशीर करू नका, पण भाषणही करू नका. कॅन्टीनच्या गर्दीत नको, चॅटवर नको. दोघीच असाल तेव्हा सांगा: त्या दिवशी आमच्या घरी तुला जे विचारलं ते चुकीचं होतं, मी तिथेच थांबवायला हवं होतं, थांबवलं नाही. बस. बाबा वयस्कर आहेत, मनानं चांगले आहेत, हे सांगू नका. ते ऐकून ‘असू दे गं’ म्हणत तुमचीच समजूत काढायचं काम तिच्यावर येईल. तिनं विषय बदलला तर बदलू द्या. ती नेहमीसारखी वागते याचा अर्थ विसरली असा नाही आणि मनात धरून बसली असाही नाही. तिला रोज ऑफिसला यायचं असतं, तिनं असले कितीतरी प्रसंग मागे टाकलेत.

आणखी एक. मे २०२३ मध्ये मणिपूर पेटलं. दोनशेहून जास्त माणसं गेली, हजारो लोक घरं सोडून छावण्यांत गेले. ती इंफाळची. त्या पंक्तीत तिला कुत्र्याबद्दल विचारणारा निघाला, ‘घरी सगळे सुखरूप आहेत ना?’ हे विचारणारं कुणी निघालं नाही. तुम्ही तरी तिला ऑफिसात कधी विचारलंय का, पत्रावरून कळत नाही. नसेल तर विचारा. तिथलं राजकारण, कोण बरोबर कोण चूक, हे विचारू नका. तो मणिपूरची प्रवक्ता करून टाकण्याचा दुसरा जाच. आई कशी आहे, घर कुठल्या भागात आहे, यंदा जाणं झालं का, जे तुम्ही सांगलीच्या मैत्रिणीला पुरानंतर विचारलं असतं तेवढंच.

पुढच्या वर्षी बोलवावं का? त्याच्या आधी तिच्या घरी जा, तिनं बोलावलं तर, आणि जाताना नवऱ्याला न्या. तो चार तास अशा घरात पाहुणा म्हणून बसू दे, जिथे त्याच्या वाड्याची कुणाला माहिती नाही आणि काय खायचं, कसं खायचं हे त्याला विचारावं लागतं. गणपतीचं आमंत्रण द्याल तेव्हा ‘बाबा आता काही बोलणार नाहीत’ अशी हमी देऊ नका, तुमच्या हातात नाही ते. ‘यायला आवडेल का?’ एवढंच विचारा, आणि ती नाही म्हणाली तर कारण विचारू नका.